उलट्या बसवलेल्या दगडाची गोष्ट

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावची वेस असो की तुमच्या गावची बारव, तिचे दगड एकदा नीट न्याहाळा. एखाद्यावर अर्धेच कमळ दिसेल, तेही उलटे! भिंतीशी संबंध नसलेली एखादी खाचही सापडेल. असा दगड बहुधा दुसऱ्या इमारतीतून आलेला असतो.

असे का करीत? आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. एक घनफूट दगडाचे वजन सुमारे ८० किलो भरते. तो फोडा, घडवा, बैलगाडीने आणा! त्यापेक्षा पडक्या देवळाचा घडीव दगड बरा. हेमाडपंती बांधणीत चुना नसे. दगड खाचेत कुसू बसवून एकमेकांत अडकवीत. त्यामुळे ते अखंड सुटे होत.

पण काटकसर हेच एक कारण नव्हते. दौलताबादची जामा मशीद १३१८ च्या सुमारास, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात झाली. तिच्यात जुन्या देवळांचे खांब आहेत. तेथे विजयाची खूणही दाखवायची होती. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या कमानीत (इ. स. ३१५) आधीच्या सम्राटांची शिल्पे बसवली, ती त्यांच्या मोठेपणाशी नाते सांगण्यासाठी. इस्तंबूलच्या भूमिगत टाक्यात मात्र मेदूसाची दोन मस्तके, एक उलटे व एक आडवे, खांबांखाली चक्क उशाला दिली आहेत!

असा दगड दिसला तर तो उचकटू नका, तैलरंग फासू नका. तो कोठे व कसा बसला आहे, हाच पुरावा असतो. मापे घ्या, चित्र काढा. अक्षरे असतील तर खडू घासू नका. सकाळचे तिरपे ऊन पडले की ती आपोआप उठून दिसतात.