तंटा आणि न्याय

राज्यशास्त्राच्या तासाला 'न्यायमंडळ' शिकताना उदाहरणे बहुधा दिल्लीची नाहीतर मुंबईची येतात. औंधकरांना इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. ७२ गावांच्या या संस्थानात एके काळी राजाचा शब्द अखेरचा असे. न्यायही त्याच्याच नावाने होई. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ती सत्ता आपण होऊन सोडली. अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन वर्ध्याला गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने मसुदा तयार झाला आणि १९३९ च्या जानेवारीत औंधला स्वराज्याची घटना मिळाली. गावचे तंटे गावातच मिटावेत म्हणून निवडून आलेल्या पंचायतींकडे न्यायाचेही काम सोपवले गेले.

यातला व्यवहार शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. बांध कोणी कोरला, पाण्याची पाळी कोणी चुकवली, हे पंचांना कागद न पाहता ठाऊक असते. वडूजच्या कोर्टात तेच सिद्ध करायचे तर मोजणी, साक्षीदार, वकील आणि तारखा! कधी कधी बांधापेक्षा खर्चच मोठा होतो.

पण बांध कोरणारा पंचांच्या भावकीतलाच निघाला तर? किंवा तक्रार करणारी गावात आधार नसलेली विधवा असली तर? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. गाव ज्याला ओळखते त्याच्यावर गावाचा दाबही असतो, असे मला वाटते. २००७ साली महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला आणि तडजोडीला बक्षीसही. मात्र बक्षीस गावाला मिळते आणि पडते घेणारा एकटाच असतो, हे विसरता येत नाही.

न्यायालयाचे वेगळेपण मला इथे दिसते. दोघे पक्षकार त्याला सारखेच परके असतात. निकालाची कारणे लिहून द्यावी लागतात आणि ती चुकली तर वर अपील आहे. खून, बलात्कार, अस्पृश्यतेतून झालेले अत्याचार अशा गुन्ह्यांत फिर्यादीने पारावर तडजोड केली म्हणून खटला आपोआप मिटत नाही. ज्याच्या हाती पैसा नाही त्याला मोफत कायदेशीर मदत मिळावी, असे घटनेचे ३९-अ हे कलम १९७७ पासून सांगते. उशीर हा कोर्टाचा मोठा दोष आहे, तो मी नाकारत नाही.

२००८ च्या ग्रामन्यायालय कायद्याने दोन्ही वाटा जोडण्याचा प्रयत्न केला. न्यायाधिकारी कायद्याचा जाणकार असावा, त्याने गावात येऊन काम चालवावे, दिवाणी दाव्यात आधी समेटाचा प्रयत्न करावा आणि समेट न झाल्यास निकाल द्यावा. त्या निकालावर दिवाणी प्रकरणात जिल्हा न्यायालयात व फौजदारीत सत्र न्यायालयात दाद मागता येते. औंधच्या पंचायतीसमोर उभ्या राहणाऱ्या त्या विधवेला नेमकी हीच वरची पायरी हवी होती.