कमरेचे माप आणि आरोग्याचे खाते

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत शिक्षण, नोकरी, संघटन या विषयांवर दरवर्षी चांगले लेख असतात. यंदा आम्हांस लेख मागितला गेला, तेव्हा आम्ही प्रकृतीचा विषय निवडला. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. परंतु जे स्वतःच्या शरीरावर बेतले ते आम्ही वाचून काढले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले, आणि आपले सभासद व विद्यार्थी यांना ते सोप्या शब्दांत सांगावे असे वाटले. विषय आहे 'मेटाबोलिक सिंड्रोम'. मराठीत त्यास चयापचयाचा विकारसमूह म्हणता येईल.

गोष्ट अशी घडली. आमच्या शाखेत आरोग्य तपासणीचे शिबिर होते. आमचे वय तेव्हा ४२, उंची पाच फूट सहा इंच आणि वजन ६४ किलो. हातपाय बारीक. लहानपणापासून घरात आम्हांला 'काडी' म्हणत. शेजारच्या काउंटरवरचे आमचे मित्र अंगाने चांगलेच भरलेले. रांगेत उभे असताना आम्ही त्यांची थट्टा करीत होतो. चार दिवसांनी कागद हाती आले, तेव्हा मित्राचा एकच आकडा बिघडलेला होता आणि आमचे पाचही. "तुम्ही बारीक आहात हे खरे, पण तुमचे पोट बारीक नाही," असे डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्यातच या लेखाचे सार आहे.

पाच कसोट्या

मेटाबोलिक सिंड्रोम हा एकच एक रोग नव्हे. एकमेकांचा हात धरून येणाऱ्या पाच बिघाडांचा तो गट आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या गटाकडे जगाचे लक्ष वेधले व त्यास 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. त्यांच्या यादीत कमरेचे माप नव्हते, ते पुढे आले. २००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून समान कसोट्या ठरविल्या. त्या अशा :

१) कमरेचा घेर : आपल्याकडील पुरुषांत ९० सेंटीमीटर वा अधिक, स्त्रियांत ८० सेंटीमीटर वा अधिक.
२) रक्तदाब : वरचा आकडा १३० वा अधिक, किंवा खालचा ८५ वा अधिक.
३) उपाशीपोटी रक्तातील साखर : १०० मिलिग्रॅम वा अधिक.
४) ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातील चरबी : १५० मिलिग्रॅम वा अधिक.
५) एचडीएल, म्हणजे ज्यास चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते : पुरुषांत ४० मिलिग्रॅमपेक्षा कमी, स्त्रियांत ५० पेक्षा कमी.

शेवटच्या तीन कसोट्यांतील आकडे प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तामागचे आहेत. या पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी जुळल्या की त्या व्यक्तीस मेटाबोलिक सिंड्रोम आहे असे समजतात. रक्तदाबाची वा साखरेची गोळी चालू असेल, तर आज आकडा चांगला आला तरी ती कसोटी लागू झाली असेच धरावे.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, साखर १०७ म्हणजे काही मधुमेह नव्हे, आणि रक्तदाब १३६ म्हणजे काही फार नाही. हे बरोबर आहे, आणि फसगत होते ती इथेच. आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. परंतु खाते काही नव्वदाव्या दिवशी बिघडत नाही. पहिला हप्ता चुकतो तेव्हाच त्याची सुरुवात झालेली असते. त्या वेळी बोलावून समजावले तर कर्जदार सावरतो. नंतर मात्र जप्तीची नोटीसच उरते. मेटाबोलिक सिंड्रोम ही शरीराची पहिली थकबाकी आहे. तिच्यात दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही.

आत काय घडते?

आपण भात, भाकरी, चहा, बिस्कीट जे काही घेतो त्यातून रक्तात साखर येते. ही साखर पेशींच्या आत जावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन ही जणू किल्ली आणि पेशी हे कुलूप. पोटाच्या आत, आतड्यांभोवती व यकृतात चरबी साठली की ती स्वस्थ बसत नाही. तिच्यातून मेदाम्ले रक्तात उतरतात, सूज वाढविणारी रसायने निघतात आणि कुलपे गंजू लागतात. मग तेवढ्याच साखरेसाठी स्वादुपिंडाला अधिक किल्ल्या घडवाव्या लागतात. यासच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात.

रक्तात इन्सुलिन वाढले की मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढण्यास हातभार लागतो. यकृत जास्तीची चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात पाठवू लागते व त्यामागोमाग एचडीएल घटते. काही वर्षांनी स्वादुपिंड थकते, मग साखर वर जाते. पाच आकडे पाच दिशांना दिसले तरी त्यांचे मूळ बहुतांशी एकच असते.

कातडीखालची चरबी आणि पोटाच्या आतली चरबी यांत म्हणूनच फरक आहे. मांड्यांवर वा दंडांवर असलेली चरबी दिसते, परंतु तुलनेने कमी उपद्रव करते. आतली चरबी दिसत नाही आणि सारा घोळ घालते.

पुण्याने दिलेला धडा

या बाबतीत महाराष्ट्रातच मोठे संशोधन झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजन काढणारा निर्देशांक, ज्यास बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

असे का, याचे उत्तर शोधण्यासाठी याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर माता व त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहराच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, मात्र चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला किरकोळ, पण प्रमाणाने मेद अधिक. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले की ते मेंदू जपते, चरबी राखते आणि बाकीच्या अवयवांत काटकसर करते, असा त्याचा अर्थ लावला जातो. अशा मुलास पुढे बैठे काम आणि भरपूर खाणे मिळाले, तर ती काटकसर अंगावर येते.

हे वाचताना आम्हांला आमची आई आठवली. आमच्या वेळी ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत होती. सर्वांना वाढून उरेल ते खात होती. तिचा मुलगा पंख्याखाली खुर्चीवर बसतो, याचा तिला मोठा आनंद होता. आपल्यापैकी कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या उपासमार पाहिली, त्या घरांतील पहिली खुर्चीवर बसणारी पिढी आम्ही आहोत. म्हणून हा श्रीमंतांचा रोग, आपल्याला काय त्याचे, असे समजणे घातक आहे. तो आपल्याही दाराशी उभा आहे. तरीही जन्माच्या वेळी सारे ठरून जाते असे मुळीच नाही. पुढे आपण कसे राहतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. घरातील मुलीला शेवटी वाढणे, सुनेने उरलेसुरले खाणे, गरोदर बाईने ओझी उचलणे, हा केवळ त्या स्त्रीवरचा अन्याय नाही. तो पुढच्या पिढीच्या प्रकृतीवरचा बोजा आहे. मुलीच्या ताटात डाळ, अंडे, पालेभाजी आधी पडली पाहिजे.

धोका किती?

ज्यांना मेटाबोलिक सिंड्रोम आहे, त्यांना मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट आणि पुढील पाच ते दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट मानला जातो. पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार, यकृतात चरबी साठणे, झोपेत श्वास अडकणे हीही याच कुटुंबातली मंडळी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कमावत्या माणसाचे डायलिसिस सुरू झाले की घरची शिल्लक, सोने, मुलांचे शिक्षण कसे क्रमाक्रमाने जाते, हे आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहिले आहे. मुदत ठेव मोडायला आलेल्या माणसाचा चेहरा विसरता येत नाही.

उपाय काय?

या विकारसमूहासाठी एकच रामबाण गोळी नाही. प्रत्येक बिघाडाला गरज असेल तर डॉक्टर वेगळे औषध देतात आणि ते त्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. पण मुळावरचा उपाय आपल्याच हाती आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोकांचा सुमारे तीन वर्षे अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार व चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्या गटातही घट जवळजवळ तेवढीच होती. पायी चालण्यात गोळीइतके बळ आहे, हे त्यातून दिसते.

आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालावे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. जोडीला जिना चढणे, पाणी भरणे, जोर-बैठका यांनी स्नायू बळकट करावेत, कारण साखर सर्वाधिक खपते ती स्नायूंत. ताटात अर्धी जागा भाज्या व कोशिंबिरीला द्यावी, एक हिस्सा डाळ, मटकी, हरभरा, अंडी वा मासळीला आणि उरलेला हिस्सा भात-भाकरीला. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. पापड-लोणच्यातले मीठही त्यातच मोजावे. दारूने ट्रायग्लिसराइड व रक्तदाब दोन्ही वाढतात. तंबाखू रक्तवाहिन्यांचा शत्रू आहे, मग ती विडीतली असो वा मिसरीतली.

चहाचा हिशेब आम्ही स्वतः मांडला. शाखेत दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमच्यात पाच ग्रॅम धरली तरी दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. एवढी साखर कुणी आमच्यासमोर पुडीत बांधून ठेवली असती तर आम्ही घाबरलो असतो. कपातून गेली, म्हणून कळली नाही.

आहाराच्या मात्रेचा विचार नवा नाही. संयुत्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची कथा आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. मात्रा ओळखून जेवावे, असा उपदेश भगवंतांनी त्यास केला. राजाने काय केले? सुदस्सन नावाच्या तरुणास तो उपदेश पाठ करावयास सांगितला व रोज जेवणाच्या वेळी म्हणावयास लावला. राजाने हळूहळू आहार कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बदल हळूहळू केला, आणि ताटावर बसताना आठवण देणारा माणूस जवळ ठेवला. आमच्या घरी ते काम आमची धाकटी मुलगी करते.

आता माप कसे घ्यावे ते सांगतो. पँटचा नंबर म्हणजे कमरेचे माप नव्हे, कारण पट्टा आपण पोटाखाली बांधतो. साडीला तर मापच नसते, त्यामुळे भगिनींना घेर वाढल्याचे कळतच नाही. सरळ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, शिंप्याची टेप आडवी धरावी. श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये, आणि आकडा वाचावा. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच.

शिबिरात आमची कंबर ९४ सेंटीमीटर भरली होती. वर्षभर चाललो, चहाची साखर प्रथम अर्ध्यावर आणली, मग बंद केली, रात्रीचा भात निम्मा केला. वर्षाने कंबर ८९ झाली, साखर १०७ वरून ९८ वर आली, ट्रायग्लिसराइड २१२ वरून १६० वर. रक्तदाब खाली आला. एचडीएल मात्र अजून ३८ वरच रेंगाळत आहे. म्हणजे पाचपैकी दोन बाकी आहेत आणि हप्ते चालू आहेत.

एक सूचना करून हा लेख संपवितो. मंडळाच्या पुढच्या रविवारच्या सभेत दाराशी एक टेप आणि एक वही ठेवावी. भगिनींची मापे भगिनींनी घ्यावीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने माप घेऊन आपला आकडा लिहून न्यावा, आणि ज्यांचा आकडा मर्यादेबाहेर असेल त्यांनी त्याच महिन्यात उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. टेपेला वीस रुपयांच्या आसपास पडतात. तेवढे आम्ही देऊ.