नव्या औषधाची परीक्षा : प्रयोगशाळेतील कृत्रिम संसर्गाचे प्रयोग

एखाद्या नव्या खताची शिफारस होण्यापूर्वी ते संशोधन केंद्राच्या शेतात घालून पाहिले जाते, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. एकाच मगदुराच्या जमिनीत सारखे वाफे आखतात. काहींना खत देतात, काहींना देत नाहीत. आणि बिनखताच्या वाफ्याशी ताडून पाहिल्यावरच खताचा गुण ठरवितात. जनावरांच्या व माणसांच्या रोगांवर जी प्रतिजैविके आपण वापरतो, त्यांचीही अशीच परीक्षा झालेली असते. मात्र तेथे वाफ्याच्या जागी एक जिवंत प्राणी असतो. त्यास मोजून मापून रोग दिला जातो आणि मग औषध दिले जाते. या पद्धतीस ‘संसर्गाचा नमुना’ असे म्हणतात. ही पद्धत समजली म्हणजे पशुवैद्य सांगतात ती मात्रा, वेळ आणि दिवस यांमागील कारण सहज ध्यानात येते.

काचनळीची परीक्षा अपुरी का?

नव्या औषधाची पहिली परीक्षा काचनळीत होते. पोषक द्रवात जंतू वाढवितात आणि औषधाची मात्रा क्रमाक्रमाने कमी करीत अनेक नळ्यांत घालतात. ज्या सर्वांत कमी मात्रेने जंतूंची वाढ थांबते, ती नोंदवून ठेवतात. परंतु काचनळी म्हणजे शरीर नव्हे. शरीरात औषध रक्तात मिसळते, यकृतात बदलते व मूत्रावाटे बाहेर पडते. उलट जंतू पुवात, मांसात किंवा पेशींच्या आत दडून बसतात.

याचे उत्तम उदाहरण जर्मनीत घडले. १९३२ साली गेर्हार्ट डोमाक या शास्त्रज्ञाने उंदरांना मारक जंतू टोचून काहींना प्रॉन्टोसिल नावाचे तांबडे रंगद्रव्य दिले. औषध दिलेले उंदीर वाचले. न दिलेले मेले. चमत्कार असा की, हेच द्रव्य काचनळीतील जंतूंना काहीच करीत नसे. पुढे १९३५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी याचा उलगडा केला. शरीरात गेल्यावर त्या द्रव्याचे विघटन होते व त्यातून सल्फानिलामाइड हे खरे औषध सुटे होते. केवळ काचनळीवर विसंबून राहिले असते, तर सल्फा औषधांचा हा आरंभच हातचा गेला असता.

आठ उंदरांची रात्र

पेनिसिलिनची कथा याहून बोलकी आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीचा हा गुण १९२८ साली लंडनमध्ये दिसला. निरोगी प्राण्यांना तो रस टोचला असता अपाय होत नाही, हेही त्यांनी पाहिले. परंतु रोगी प्राण्यास तो देऊन पाहण्याचे राहून गेले.

ते काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंची मारक मात्रा टोचली. तासाभराने त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. उरलेल्या चौघांना काहीच दिले नाही. नॉर्मन हीटली हे रात्री उशिरापर्यंत पिंजऱ्यांपाशी बसून होते. पहाट होण्यापूर्वी बिनऔषधाचे चारही उंदीर मेले होते आणि औषध मिळालेले चारही जिवंत होते. फ्लेमिंग यांच्या शोधापासून या रात्रीपर्यंत मधली बारा वर्षे गेली. औषध तेच होते. योग्य परीक्षा तेवढी व्हावयाची होती. आपल्याकडे पिंपरी येथे १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, त्याचे मूळ या आठ उंदरांपर्यंत जाऊन पोहोचते.

मात्रा व वेळ कशी ठरते?

प्राणी जगला की मेला, एवढ्यावर आजचे संशोधक समाधान मानीत नाहीत. उंदराच्या मांडीतील संसर्गाचा प्रयोग यासाठी फार वापरला जातो. प्रथम औषधाने उंदराच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी करतात. यामुळे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा भाग वगळला जाऊन औषधाचा निखळ परिणाम दिसतो. नंतर मांडीच्या स्नायूत ठरावीक संख्येने जंतू टोचतात आणि निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या मात्रा निरनिराळ्या अंतराने देतात. साधारणतः चोवीस तासांनी त्या स्नायूत किती जंतू उरले, याची मोजदाद होते.

अशा प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. पेनिसिलिनच्या वर्गातील औषधे पुरेशा प्रमाणात किती वेळ शरीरात टिकतात, यावर त्यांचा गुण अवलंबून असतो. एकदाच दुप्पट देऊन ते साधत नाही. जेंटामायसिनसारख्या औषधांत मात्र रक्तातील सर्वोच्च प्रमाण अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणूनच एक औषध दिवसातून अनेकदा द्यावे लागते, तर दुसरे एकदाच पुरते. मात्रा अपुरी पडली तर काय होते, हेही येथेच दिसते. दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व तेच वाढतात. अर्धवट निंदणीनंतर शेतात हरळी माजावी, तसाच हा प्रकार होय.

कासेच्या रोगाचा नमुना

गाईम्हशींच्या कासदाहासाठीही असा नमुना आहे. व्यालेल्या उंदरीची पिले बाजूला करून तिच्या स्तनाच्या बारीक नलिकेतून जंतू आत सोडतात आणि त्याच मार्गाने औषध देऊन पाहतात. उंदरीस स्तनांच्या पाच जोड्या असल्याने एका स्तनात औषध व दुसऱ्यात केवळ जंतू अशी तुलनाही करता येते. दुधातील स्निग्धांश व प्रथिने यांमुळे काही औषधांचा जोर घटतो, तसेच काही जंतू कासेच्या पेशींत लपतात. या दोन्ही अडचणी काचनळीत दिसत नाहीत, येथे दिसतात. गाईवर चाचणी घेण्यापूर्वी निरुपयोगी औषधे यामुळे गाळली जातात.

मधपेटीतील शत्रू प्रयोगशाळेत मित्र

मधमाशा पाळणाऱ्यांना मेणकिडा चांगलाच परिचित आहे. दुबळ्या वसाहतीत शिरून तो पोळी पोखरतो. याच मेणपतंगाची अळी आज अनेक प्रयोगशाळांत वापरली जाते. अळीच्या मागील पायातून अतिशय बारीक सुईने जंतू टोचतात, नंतर औषध देतात आणि अळ्या ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवतात. एवढी उष्णता, म्हणजे आपल्या शरीराइतकी, ही अळी सहन करू शकते, हा तिचा मोठा गुण. रोग बळावला की पांढुरकी अळी काळी पडते व मरते. औषध लागू पडले तर ती पांढरी राहून हालचाल करते. अळी स्वस्त असते, जागा थोडी लागते आणि उंदरांची हत्या कमी होते. तथापि, तिच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणून ही केवळ पहिली चाळणी समजावी.

नमुन्याच्या मर्यादा

कोणताही एक प्राणी दुसऱ्याचा हुबेहूब प्रतिनिधी नसतो. उंदरांना व माणसांना मानवणारे पेनिसिलिन गिनीपिगना मात्र घातक ठरते, कारण त्यांच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन अपायकारक जंतू माजतात. म्हणून उंदरावर यशस्वी झालेले औषध पुढे ज्या जातीच्या जनावरासाठी वापरावयाचे, त्यावर पुन्हा तपासतात. शिवाय प्राण्यांना विनाकारण यातना होऊ नयेत, यासाठी आपल्या देशात १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे आणि प्रत्येक संस्थेतील नीतिसमितीच्या संमतीवाचून असे प्रयोग करता येत नाहीत.

आपले कर्तव्य

इतक्या कष्टाने पारखलेले औषध गोठ्यात वाया जाऊ नये, यासाठी ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी गावात समजावून सांगाव्यात.

कासेला सूज किंवा दुधात गाठी दिसताच पशुवैद्यास बोलवावे. शेजाऱ्याकडील उरलेली औषधनळी सडात सोडू नये. शक्य असेल तेथे औषध देण्यापूर्वी दुधाचा नमुना तपासणीस पाठवावा.

पशुवैद्यांनी सांगितलेली मात्रा, वेळ व दिवस तंतोतंत पाळावे. सूज उतरली म्हणून उपचार मनाने थांबवू नयेत.

औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचे चारही सडांचे दूध विक्रीस वा घरात वापरू नये. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हा गृहिणींचा अनुभव आहे; दूध उकळल्याने औषधाचा अंश खात्रीने जात नाही.

लाळ्या-खुरकत व लम्पी हे विषाणूंचे रोग आहेत. प्रतिजैविक विषाणूस मारीत नाही. जखमांत इतर जंतू शिरले असतील, तर ते द्यावे की नाही हे पशुवैद्यांनी ठरवावे.

कोंबड्यांच्या वा जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके मिसळू नयेत. माणसांच्या गंभीर आजारांत अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता वापरण्यास केंद्र शासनाने २०१९ साली बंदी घातली आहे.

नवे प्रतिजैविक हाती येण्यास पुष्कळ वर्षे लागतात. जंतूंना त्याची सवय होण्यास तेवढा काळ लागत नाही. आज गोठ्यात निष्काळजीपणे दिलेली टोचणी उद्या घरातील लेकराच्या तापात निरुपयोगी ठरू शकते. बियाणे जसे पेरणीसाठी जपून ठेवावयाचे, तसेच हे औषधही खऱ्या गरजेसाठी जपून वापरावे.