फसव्या संदेशांची भाषा : स्वरूप आणि प्रतिकार

प्रस्तावना

कार्यालयीन मराठीचे स्वरूप आपणास आता परिचित आहे. प्रस्तुत घटकात त्याच भाषेचे सोंग घेणाऱ्या मजकुराचा विचार करावयाचा आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात फसवणुकीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. भामट्याजवळ ना शस्त्र असते, ना अधिकार. चार-सहा वाक्ये एवढेच त्याचे भांडवल असते. ती वाक्ये नीट वाचता येणे हा भाषेच्या अभ्यासकाचाच प्रांत होय.

एका संदेशाचे वाचन

गेल्या काही वर्षांत पुष्कळ घरांत पोहोचलेल्या संदेशाचा हा नमुना पाहा : ‘प्रिय ग्राहक, आपला वीजपुरवठा आज रात्री ९.३० वाजता खंडित करण्यात येईल, कारण मागील महिन्याचे बिल अद्ययावत झालेले नाही. त्वरित वीज अधिकाऱ्यांशी पुढील क्रमांकावर संपर्क साधा.’

‘खंडित करण्यात येईल’ ही रचना आपल्या ओळखीची आहे. तिच्यात कर्ता नाही. पुरवठा कोण तोडणार, कोणत्या कार्यालयाच्या आदेशाने, हे वाक्य सांगत नाही. आणि सरकारी पत्रांतून असेच वाचण्याची सवय झाल्यामुळे आपणही ते विचारत नाही. कार्यालयीन मराठी जितकी दुर्बोध आणि कर्ताहीन ठेवावी, तितके तिचे सोंग वठवणे सोपे जाते. या बाबतीत दोष केवळ भामट्यांच्या पदरी टाकून चालणार नाही.

दुसरा शब्द ‘अद्ययावत’. बिल ‘भरलेले’ असते किंवा ‘थकीत’ असते. ते अद्ययावत होणे म्हणजे नेमके काय? या संदिग्धतेतच संदेशाची खरी करामत आहे. ‘थकीत’ म्हटले असते, तर बिल भरलेला ग्राहक निश्चिंत राहिला असता. ‘अद्ययावत’ म्हटल्यामुळे भरणा केलेल्यालाही वाटते, की आपली नोंद झाली नसावी. तो दिलेल्या क्रमांकावर फोन करतो. पलीकडचा ‘अधिकारी’ त्याला मोबाइलचा पडदा दुसऱ्यास दिसू शकेल असे अॅप उतरवून घ्यावयास लावतो, नोंदीसाठी किरकोळ रक्कम भरण्यास सांगतो, आणि त्या व्यवहारात टाकलेली गुप्त माहिती टिपून घेतो.

तिसरी खूण वेळेची. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हे दोन शब्दच या संदेशाला खोटे पाडण्यास पुरेसे आहेत. मात्र ते वाचताना विचारास अवधी मिळू नये, हाच त्यांचा हेतू असतो. ग्राहक क्रमांकाचा अभाव आणि संपर्कासाठी खाजगी मोबाइल क्रमांक या खुणा त्यामानाने ढोबळ आहेत. त्या आपणास सहज दिसतील.

अटक या शब्दाचा गैरवापर

‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार याहून क्रूर आहे. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असे सांगून गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत रक्कम ‘सरकारी खात्यात’ जमा करावयास सांगतो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे, व्यक्ती शब्दाने किंवा कृतीने स्वतः ताब्यात आली नसेल तर, अटक करताना पोलिसाने तिच्या शरीरास प्रत्यक्ष स्पर्श करणे किंवा तिला अटकावून ठेवणे आवश्यक असते. यातील सर्वांत घातक वाक्य धमकीचे नसून ‘घरात कोणालाही सांगू नका’ हे असते. शेजारच्या खोलीतील मुलाला किंवा सुनेला एक हाक मारली, तर सारा बनाव कोसळतो, हे त्या माणसास पुरते ठाऊक असते.

यूपीआयच्या व्यवहारात एका क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ हे वाक्यच चुकीचे आहे. पिन पैसे देताना लागतो, घेताना नव्हे. जुन्या वस्तू विकावयास काढणाऱ्यांना हे वाक्य वारंवार ऐकावे लागते.

तक्रारीची भाषा

मराठीत आपण ‘मी फसलो’ असे म्हणतो. हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात फसवणारा दिसतच नाही, आणि सारी लाज बोलणाऱ्याकडे येते. पुष्कळ सुशिक्षित माणसे या लाजेपोटी दोन-दोन दिवस गप्प राहतात. तक्रारीत ‘मला फसवले’ हे प्रयोजक रूप वापरावे. वस्तुस्थितीही तीच आहे.

उशीर येथे महाग पडतो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास, रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी ती थोपवून धरता येण्याची शक्यता असते. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असली, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळविल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. सदोष वस्तू किंवा दिशाभूल करणारी जाहिरात यांसाठी मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दोहोंची गल्लत करू नये.

लेखी तक्रारीत तारीख, वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा क्रमांक घटनाक्रमाने द्यावा. मनःस्थितीचे वर्णन टाळावे. संतापाने संदेश पुसून टाकू नयेत. तो पुरावा असतो.

स्वाध्याय

१. आपल्या मोबाइलवर आलेला एक संशयास्पद संदेश, त्यातील दुव्यास स्पर्श न करता, वहीत उतरवून घ्या. त्यातील कर्ता, कालमर्यादा आणि संदिग्ध शब्द अधोरेखित करा.

२. वरील वीज-संदेशाऐवजी खऱ्या कार्यालयाने थकबाकीची नोटीस कशी लिहावी, याचा कर्ता स्पष्ट असलेला मसुदा ८० शब्दांत तयार करा.

३. घरातील ज्येष्ठ व्यक्तीस ‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार बोलीभाषेत समजावून सांगा, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न नोंदवा.