शाळेचा कागद आणि आपलं लेकरू

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज आणि हप्ता यांचा हिशोब चोख ठेवतो. पासबुक तपासतो आणि सही करण्याआधी रक्कम वाचतो. शाळेत गेल्यावर मात्र आपल्यातल्या कित्येक जणी गुरुजी सांगतील तिथे अंगठा देतात, सही करतात आणि घरी येतात. आपण शिकलेल्या नाही, गुरुजींना जास्त कळतं, असं मनात असतं. पण शाळेच्या नोंदवहीत आज जे लिहिलं जातं, ते लेकराच्या नोकरीपर्यंत त्याच्यामागे येतं. म्हणून या अंकाचा पाठ जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या रोजच्या नियमांचा आहे.

सगळ्या पाठात दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली, कागद नाही म्हणून कोणतंही मूल शाळेबाहेर राहू शकत नाही. दुसरी, कागदावर चूक राहिली तर तेच मूल पुढे अडतं. म्हणजे प्रवेशासाठी घाबरायचं नाही, पण नोंद करताना गाफीलही राहायचं नाही.

1. पहिलीचा प्रवेश

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत मिळालं पाहिजे, असं हा कायदा सांगतो. आपल्या राज्यात त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण होत असतील, तर मुलाला पहिलीत घेतात.

प्रवेशाला जाताना जन्माचा दाखला आणि आधार कार्ड असेल तर न्यायचं. जन्मदाखला नसेल तर? कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली किंवा नर्सताईंकडची नोंद, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद, किंवा आईवडिलांनी लिहून दिलेलं वयाचं निवेदन यावर प्रवेश होतो. जन्मदाखला नंतर मिळवता येतो, पण मिळवायचा मात्र नक्की. त्यासाठी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे जायचं. हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरवलेला आहे. म्हणून बाळंतपणानंतर 21 दिवसांच्या आत नोंद करून घ्यावी.

जून गेला, ऑगस्ट उजाडला, आता प्रवेश मिळेल का? मिळतो. उशीर झाला म्हणूनही नकार देता येत नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तर त्याला पहिलीत बसवायचं नसतं. त्याच्या वयाच्या वर्गात घेऊन, मागे राहिलेला अभ्यास शाळेने वेगळा वेळ देऊन शिकवायचा असतो.

2. जनरल रजिस्टर: इथे डोळे उघडे ठेवा

प्रवेश झाला की शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाची नोंद होते. यालाच दाखल-खारीज रजिस्टर असंही म्हणतात. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म आणि जात त्यात लिहितात. पुढे शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून तयार होतो. जातीचा दाखला, दहावीचा फॉर्म, शिष्यवृत्ती, बँक खातं, नोकरी या सगळ्याची मुळं इथे आहेत.

समजा, घरी मुलीला 'पिंकी' म्हणतात. आजोबा प्रवेशाला घेऊन गेले आणि रजिस्टरला पिंकीच लागलं. आधारवर नाव प्रियांका, जन्मदाखल्यावर प्रियंका. पाचवीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नाव जुळत नाही आणि पैसे अडकतात. दुसरं उदाहरण जन्मतारखेचं. तारीख नक्की माहीत नाही म्हणून बऱ्याच मुलांना 1 जून लावून टाकतात. पुढे जन्मदाखला काढला की तारीख वेगळी निघते.

यावर उपाय एकच. नोंद होताना आईने स्वतः जावं. जन्मदाखल्यावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच लिहायला सांगावं. लिहून झाल्यावर गुरुजींना ते मोठ्याने वाचायला सांगावं. "सर, एकदा वाचून दाखवा," असं म्हणायला लाजायचं कारण नाही.

चूक आढळली तर मूल त्या शाळेत शिकत असतानाच दुरुस्ती मागायची. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज आणि सोबत जन्मदाखला द्यायचा. मुख्याध्यापक तो मंजुरीसाठी वरच्या कार्यालयाकडे पाठवतात. मूल शाळा सोडून गेलं की हीच दुरुस्ती फार अवघड होते, हेलपाटे आणि खर्च दोन्ही वाढतात. म्हणून चौथी-पाचवीपर्यंत एकदा तरी रजिस्टरची नोंद बघून यायची.

आईच्या नावाबद्दल एक आनंदाची गोष्ट. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. ही बाळं काही वर्षांत शाळेत येतील. तेव्हा आपलं नाव बरोबर लागलंय ना, हे बघायला विसरू नका.

3. गाव बदललं, शाळा बदलली

ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणारी कुटुंबं आपल्या गटांत आहेत. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, यात लेकरांची शाळा सुटते. जायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि मुलासाठी शिक्षण हमी कार्ड मागा. मूल कितवीत आहे आणि किती शिकलंय हे त्यावर असतं. जिथे जाल तिथल्या जवळच्या शाळेत ते दाखवलं की मुलाला वर्गात बसता येतं. मुलाला गावातच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, तेही विचारा. मागणी वेळेत गेली तर सोय होण्याची शक्यता वाढते.

कायमची शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला यायला वेळ लागला तरी सरकारी किंवा अनुदानित शाळेला तेवढ्यावरून प्रवेश थांबवता येत नाही. कलम 5 तसं सांगतं.

हा नियम एका खास वेळी फार कामाला येतो. एखादी ताई त्रासाला कंटाळून लेकरं घेऊन माहेरी येते. दाखला सासरच्या गावात अडकलेला असतो आणि नवीन शाळेत कोणी म्हणतं, "वडिलांना घेऊन या." अशा वेळी सांगायचं की कायद्यात पालक म्हणजे आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही. आईचा अर्ज आणि आईची सही चालते. मुलाला आधी वर्गात बसवा, दाखला मागून येईल. अशा ताईसोबत गटातल्या दोघी गेल्या तर काम लवकर होतं.

4. रोजची हजेरी आणि आजारपण

पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे, असा नियम आहे. शाळेने एवढे दिवस भरायचं आणि आपण मुलाला पाठवायचं. धाकट्याला सांभाळायला, कापूस वेचायला किंवा पाहुणे आले म्हणून बहुतेक वेळा मुलीलाच घरी ठेवलं जातं. आठवड्यातला एक दिवस बुडाला तर वर्षाचे जवळपास चाळीस दिवस जातात. मग गणितात मागे पडली की आपणच म्हणतो, हिला अभ्यासात गोडी नाही.

मूल आजारी असेल तर शेजारच्या मुलाकडे दोन ओळींची चिठ्ठी द्या किंवा वर्गशिक्षकांना फोन करा. गोवर, कांजिण्या, गालफुगी, डोळे येणं यात मुलाला घरीच ठेवा, म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबायचं. मुलाला फिट येत असेल, दमा असेल किंवा एखादं औषध चालत नसेल, तर ते वर्गशिक्षकांना लिहून द्या. जंतनाशक गोळी किंवा लसीकरणाच्या दिवशी याची गरज पडते.

मुलाला न्यायला आपल्याशिवाय कोण येऊ शकतं, तेही सांगून ठेवा. फोन नंबर बदलला की त्याच आठवड्यात शाळेत कळवा.

5. खिचडीचं ताट

आपल्यातले काही गट शाळेत आहार शिजवतात, म्हणून हा भाग आपल्याला दोन्ही बाजूंनी माहीत हवा. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य आणि त्या जेवणातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. पालकही जाऊन चव घेऊ शकतात. सलग 3 दिवस किंवा महिन्यात 5 दिवस आहार मिळाला नाही, तर कोणाची चूक हे शासनाने ठरवायचं असतं. आहार चुकलेल्या दिवसांचा भत्ताही मुलांना मिळायला हवा.

पंगतीत जात बघून वेगळं बसवणं किंवा वेगळं वाढणं कुठेही चालू देऊ नका.

6. मार, टोमणे आणि पैसे

कलम 17 प्रमाणे मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्ही बंद आहे. "तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली का?" असं म्हणणं हाही त्रासच. आपणही "दोन लावा सर, पण शिकवा" म्हणणं सोडायला हवं. मूल शाळेत जायला अचानक घाबरू लागलं, कोणाबद्दल काही सांगू लागलं, तर त्याचं ऐकून घ्या. त्याला गप्प करू नका. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर आहे. शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण आहे हे विचारून ठेवा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही आणि पाठ्यपुस्तकं मोफत आहेत. वर्गणी मागितली तर ती ऐच्छिक आहे. द्यायची असेल तर पावती घ्या. शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही.

परीक्षेबद्दल एक बदल ध्यानात घ्या. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर जादा शिकवून पुन्हा परीक्षा घेतात. त्यातही पास झालं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. पण आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही. म्हणून निकालाची वाट बघू नका, दिवाळीच्या सुट्टीआधीच मुलाला वाचता येतं का ते बघा.

7. समितीत आपली खुर्ची

शाळा व्यवस्थापन समितीत चारपैकी तीन हिस्से पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. अध्यक्षही पालकांमधूनच होतात. बऱ्याच गावांत महिलांची नावं वहीत असतात आणि सही घरी आणून घेतली जाते. मैत्रिणींनो, घरपोच सही देऊ नका. बैठकीला जा, इतिवृत्त वाचून घ्या आणि मगच सही करा. शौचालयात पाणी आहे का, अनुदान कशावर खर्च झालं, किती मुलं गैरहजर आहेत, हे तीन प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारा.

8. अडलं तर कोणाकडे?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. तिथे नाही सुटलं तर केंद्रप्रमुख, पुढे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). कायद्याप्रमाणे लेखी तक्रारीवर 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. बहुतेक कामं पहिल्या दोन पायऱ्यांवरच होतात, म्हणून सुरुवात गोडीने करा. पण महत्त्वाची गोष्ट तोंडी ठेवू नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एका प्रतीवर तारीख, सही व शिक्क्याची पोच घ्या. अर्ज असा लिहा:

*प्रति, मा. मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, (गाव).*
*विषय: जनरल रजिस्टरमधील नाव / जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत.*
*महोदय, माझी मुलगी / मुलगा (नाव) इयत्ता (…) मध्ये शिकत आहे. रजिस्टरमध्ये (…) अशी नोंद आहे. जन्मदाखल्याप्रमाणे ती (…) अशी हवी. जन्मदाखल्याची प्रत जोडली आहे. कृपया दुरुस्ती करून मला लेखी कळवावे.*
*आईचे नाव, सही, फोन, तारीख.*

पुढच्या बैठकीसाठी

1. प्रत्येकीने मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेतली नोंद जुळते का ते बघून यावं. जुळत नाही त्यांची यादी सचिवताईंनी करावी.
2. आपल्या गावात शाळेत न जाणारं मूल आहे का? कोण दोघी त्या घरी जातील?
3. गटातली कोणती ताई शाळा समितीत आहे? तिने मागच्या बैठकीत काय ठरलं ते पाच मिनिटांत सांगावं.

ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांना हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.