एका शून्याचे मोल
संगणकाची मार्गदर्शिका कशी लिहावी?

तहसील कचेरीपासून सहकारी बँकेपर्यंत आज सर्वत्र संगणकप्रणाली वापरात आहेत. प्रणालीने कसे वागावे, हे 'कॉन्फिगरेशन फाइल' या साध्या मजकुराच्या फाइलीत नमूद केलेले असते. डावीकडे बाबीचे नाव व उजवीकडे तिचे मूल्य, अशी ही मांडणी होय. ती दिसावयास सोपी. परंतु मूल्य कसे लिहावे याचा खुलासा मार्गदर्शिकेत नसेल, तर अनर्थ ओढवतो.

'यॅमल' या प्रचलित मांडणीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या २००५ सालच्या १.१ आवृत्तीनुसार शून्याने आरंभ होणारी संख्या अष्टमान पद्धतीने वाचली जाते. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ आंतरराष्ट्रीय अंकांत, पण अवतरणचिन्हांविना लिहिला, तर त्याचे १८ होतात. पुण्याच्या ०२० चे १६! नॉर्वे देशाचा 'एनओ' हा संकेत तर चक्क नकार ठरतो. २००९ च्या १.२ आवृत्तीने हे नियम बदलले. तथापि जुने नियम पाळणारी साधने अद्यापि वापरात आहेत. येथे संगणक चूक दाखवीत नाही, चुकीचे मूल्य निमूटपणे स्वीकारतो. खरा धोका हाच.

यास्तव मार्गदर्शिकेत प्रत्येक बाबीसंबंधी चार गोष्टी अवश्य असाव्यात.

१. मूल्याचा प्रकार : संख्या, मजकूर की होय-नाही? अवतरणचिन्हे केव्हा आवश्यक?

२. एकक : 'पोस्टग्रेस' या माहितीसाठा-प्रणालीत 'शेअर्ड बफर्स' या बाबीपुढे एककाविना १२८ लिहिल्यास १२८ एमबी मिळत नाहीत. ते सामान्यतः ८ केबीचे १२८ खंड, म्हणजे केवळ १ एमबी धरले जातात. त्या प्रणालीच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिले आहे, हे अनुकरणीय होय.

३. मर्यादा : किमान व कमाल मूल्य किती आणि काहीच न लिहिल्यास काय गृहीत धरले जाते?

४. उदाहरण : एक बरोबर व एक चुकीचे, शेजारी शेजारी.

नियम सूत्रबद्ध असावेतच. पण सूत्र तज्ज्ञाला उमगते, उदाहरण सर्वांना. मार्गदर्शिका बहुधा काम अडल्यावरच उघडली जाते. समोर नागरिकांची रांग असते आणि कर्मचारी एकटा असतो. त्या क्षणी त्याला तर्क करावा लागू नये, एवढी दक्षता लेखकाने घेतली, तरी मोठेच कार्य साधेल.