काविळीचे औषध आणि खचलेले मन

सगळ्या काविळी सारख्या नसतात. दूषित पाण्यातून होणारी 'ए' किंवा 'ई' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत बरी होते. 'बी' आणि 'सी' विषाणू मात्र रक्तातून शिरतात, लिव्हरमध्ये वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात आणि डोळे पिवळे न करताही ते खराब करत राहतात. त्यांच्या उपचाराची एक बाजू घरात क्वचितच बोलली जाते. त्यातल्या एका औषधाने माणसाचे मनही आजारी पडू शकते.

ते औषध म्हणजे इंटरफेरॉनचे इंजेक्शन. विषाणूशी लढताना आपले शरीर इंटरफेरॉन स्वतःच तयार करते. तापात अंग मोडून येते, कोणाशी बोलू नये असे वाटते, त्यात त्याचाही हात असतो. उपचारात तेच बाहेरून, मोठ्या प्रमाणात, सहा महिने ते वर्षभर देतात. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. 'सी'साठी हे इंजेक्शन घेणाऱ्या साधारण चारांपैकी एकाला नैराश्य येत असे, तेही बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. सोबतच्या रिबाव्हिरिन गोळ्यांनी रक्त कमी होऊन थकवा येतो. काहींचे थायरॉईड बिघडते, त्यानेही मन मंदावते.

घरच्यांना मात्र वेगळेच दिसते. शांत माणूस ताटावरून उठून जातो, मुलांवर खेकसतो, रात्रभर जागा राहतो, कामावर जायला टाळतो. मग कोणी आळशी म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणून भगताकडे न्यायला सांगते. हा स्वभावाचा दोष नाही आणि बाधाही नाही. हा औषधाचा परिणाम आहे आणि त्यावर उपचार आहे.

झोप उडणे, सतत उदास वाटणे, विनाकारण रडू येणे, अतिशय चिडचिड हे दिसताच डॉक्टरांना सांगा. पूर्वी कधी नैराश्य आले असेल तर ते उपचार सुरू होण्याआधीच सांगा. मनाने इंजेक्शन बंद करू नका. डॉक्टर मात्रा बदलतात, नैराश्याची गोळी देतात किंवा गरज पडल्यास औषध थांबवतात. माणूस मरणाची भाषा करू लागला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता चांगली बातमी. 'सी'साठी आज बहुतेकांना इंजेक्शन लागतच नाही. सोफोसबुव्हिर आणि सोबत डॅक्लाटासव्हिर किंवा व्हेल्पाटासव्हिर या गोळ्या बहुधा 12 आठवडे घेतल्या की शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. मनावरचा तसा भार त्यांत क्वचितच दिसतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. इंजेक्शनच्या जुन्या गोष्टी ऐकून ज्यांनी उपचार टाळला, त्यांनी पुन्हा जावे. 'बी'साठीही बहुतेकांना टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरची रोजची गोळी असते. ती अचानक सोडली तर आजार उसळतो. काही 'बी' रुग्णांना अजूनही इंटरफेरॉन देतात. त्यांच्या घरच्यांनी वरची लक्षणे ध्यानात ठेवावीत.

एक फरक ओळखा. लिव्हर फार खराब झालेला रुग्ण दिवसा झोपून रात्री जागू लागला, असंबद्ध बोलू लागला, त्याचे हात फडफडू लागले, तर ते नैराश्य नव्हे. लिव्हर साफ न करू शकलेली विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचलेली असतात. तासभरही न थांबता रुग्णालय गाठा.

औषधाइतकाच एकटेपणाही मन खचवतो. 'बी' आणि 'सी' एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाहीत. वस्तरा, ब्लेड, टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. 'बी'ची लस घरातल्या सर्वांनी घ्या, नवजात बाळाला ती 24 तासांच्या आत द्या. पण रुग्णाचा पेला वेगळा करू नका. वेगळ्या पेल्याने माणसाला काय वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

देवपूरच्या वस्त्यांतील रुग्णांनी धुळ्याच्या हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. लिव्हरच्या उपचारासोबत मनाचा त्रासही तिथेच मोकळेपणाने सांगावा. जाणे जमत नसेल तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. जोडीला घरातले एक माणूस प्रत्येक तपासणीला सोबत जावे. रुग्ण जे सांगायला लाजतो, ते डॉक्टरांपर्यंत तोच पोहोचवतो.